‘रेस्टोरेशन’च्या दोन पाट्या

मागच्या गॅलरीत सांडगे उचलायला गेलेल्या मंदाकिनीला ओल्या रंगाचा वास आला. कठड्याशी एक पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तिने ती कडेने धरून हलकेच वळवली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, आणि अक्षर तिच्या नवऱ्याचं, दीनानाथचं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाचा तो ठाशीव ‘र’ तिने कुठेही ओळखला असता.

‘रेस्टोरेशन. मुंबईच्या इंग्रज कंपनीचे लढाऊ जहाज. तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराने दुपारपासून अंधार पडेपर्यंत झुंजून काबीज केले व आपल्या आरमारात सामील केले.’

त्यापुढे मोकळी जागा होती आणि कोपऱ्यात छोटं भगवं निशाण.

हीच वाक्यं असलेली, दीनानाथनेच रंगवलेली दुसरी पाटी पुढच्या खोलीत, मामंजींनी केलेल्या लाकडी जहाजाशेजारी गेले पंधरा दिवस उभी होती. पण त्या पाटीवर ती इथे थांबत नव्हती. पुढे लिहिलं होतं: ‘फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या तोफेचा गोळा पडून या जहाजाने पेट घेतला. ती आग लागून आंग्र्यांचे सारे आरमार जळाले. या मोहिमेत पुण्याच्या पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती.’

मंदाकिनीने सांडगे तसेच ठेवले आणि आत आली. दीनानाथ ब्रश धूत होता.

“अहो, गॅलरीतली पाटी कुणी सांगितली?”

“दादानं.”

“मामंजींना माहीत आहे?”

“कळेल.”

“कधी? हॉलमध्ये गेल्यावर?”

दीनानाथने ब्रश फडक्याला पुसला, परत बुडवला. “सध्याचे दिवस तू बघतेयस ना? दादाचंही बरोबर आहे. नानांचंही बरोबर आहे. मी आपला अक्षरं काढतो.”

“छान काढलीत,” मंदाकिनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दिवस खरोखरच तसे होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरल्याचं ऐकल्यापासून लोक पेटले होते. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. पुण्यातही हरताळ, सभा, मोर्चे चालूच होते. अशात दीनानाथचा थोरला भाऊ गोपाळकृष्ण ज्याचा सचिव होता त्या दर्या इतिहास मंडळाने ‘मराठ्यांचे सागरी सामर्थ्य’ असं प्रदर्शन ठरवलं होतं. विजयदुर्गाच्या आगीला फेब्रुवारीत दोनशे वर्षं होत होती, हे सुचवलं होतं गोपाळकृष्णाच्या वडिलांनी. मंडळाने तोच महिना घेतला. आगीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नव्हतं.

प्रदर्शनाचं आकर्षण होतं नानांचं, म्हणजे यज्ञेश्वर खांबेट्यांचं, जहाज. इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून नारायण पेठेतल्या त्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी ते केलं होतं. सागवानाचे तुकडे तासून, रेशमी दोऱ्याची दोरखंडं वळून. मूळ जहाजाचं चित्र कुठेच मिळालं नव्हतं, म्हणून त्या काळच्या तशा जहाजांवरून अंदाजाने केलं होतं, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी हेच सांगत. “हे असंच होतं असं नाही. असं असावं.” बायकोने, आनंदीबाईंनी, एवढ्या वर्षांत त्या जहाजावर एकदाच मत दिलं होतं: धूळ पुसायला फार वाईट आहे.

*

गोपाळकृष्ण विमा कंपनीतून सायकलवर घरी येत होता तेव्हा लक्ष्मी रोडवर त्याला उतरावं लागलं. पुढे गर्दी होती. कुणा पुढाऱ्याच्या सत्कारासाठी मांडलेल्या खुर्च्या पोरांनी रस्त्यात आणून पेटवल्या होत्या. घोषणा चालल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या त्यालाही पटत होत्या. पण तो त्या खुर्च्यांकडे बघत राहिला. लाकूड किती पटकन जातं. पॉलिश केलेलं तर अजूनच पटकन.

नानांचं जहाज त्याला दिसत होतं. पेशव्यांनी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांकडून जाळवलं, असं पाटीवर वाचून कुणीतरी एकजण ओरडेल. मराठी माणसांत फूट पाडताय का म्हणेल. त्याला समजावायला वेळ कोण देणार? नाना समजावायला उभे राहतील, आणि नाना समजावतात म्हणजे काय करतात हे त्याला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला, श्यामलेला, हे सगळं सांगितलं. ती कपडे घडी करत होती.

“मग हेच त्यांना सांगा ना,” ती म्हणाली. “पाटी लपवून कशाला?”

“भीती वाटते म्हणून सांगू? ते म्हणतील, भित्रा आहेस.”

“म्हणतील. पण लपवलीत तर लबाड म्हणतील. दोन्हीतलं कुठलं चालेल ते बघा.”

“तू कुणाच्या बाजूची?”

“तुमच्याच. म्हणून सांगतेय.” तिने घडी गादीवर ठेवली. “आणि मंदाचा चेहरा दुपारपासून बघवत नाहीये. तिनं पाहिलीय पाटी.”

गोपाळकृष्णाने उद्या सकाळी सांगायचं ठरवलं. तेवढा वेळ त्याला मिळाला नाही.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते. आनंदीबाईंनी नवऱ्याच्या पानात भात वाढला आणि सहज म्हणाल्या, “गॅलरीत रंगाचा वास येतोय. दुसरं जहाज काढलंय की काय घरात?”

 दीनानाथने आमटीची वाटी उगाच सरकवली.

यज्ञेश्वरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग दोन्ही मुलांकडे. ते उठले, हात न धुता गॅलरीत गेले, दिवा लावला. परत आले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. त्यामुळे गोपाळकृष्णाला जास्त भीती वाटली.

“अक्षर सुंदर आलंय, दीना,” ते पाटावर बसत म्हणाले. “मजकूर कुणाचा?”

“माझा,” गोपाळकृष्ण म्हणाला. “नाना, यात एक अक्षर खोटं नाही.”

“नाही ना. म्हणून तर कौतुक वाटतंय. शाळेत असताना पेपरात अर्धं उत्तर लिहून यायचास, तसंच. लिहिलेलं सगळं बरोबर असायचं.”

“नाना, बाहेर काय चाललंय ते...”

“मला वाचता येतं. रोज वर्तमानपत्र येतं आपल्याकडे.”

“मग आत्ताच हे कशाला मांडायचं? पुढल्या वर्षी मांडू. पुस्तक लिहा, मी छापून घेतो.”

“दोनशे वर्षं ‘आत्ता नको’ असंच चाललंय.” यज्ञेश्वरांनी भातावर वरण ओतून घेतलं. “आपल्या खांबेट्यांपैकी एकजण त्या मोहिमेत पेशव्यांच्या फौजेबरोबर हिशेबाला होता. आपण काठावर होतो, गोपाळ. जळताना बघत होतो. तेवढं सांगायला मला दुसऱ्या कुणाची परवानगी नको आहे. तुझ्या मंडळाला जहाज हवंय आणि त्याचा शेवट नकोय. तर जहाज घरीच राहील. इथे त्याला कुणी काही विचारत नाही.”

“कार्डं वाटून झालीत.”

“मग कळव. जहाज आजारी आहे म्हणून.”

दीनानाथला हसू आलं आणि त्याने ते पाण्याच्या घोटात बुडवलं. गोपाळकृष्ण अर्ध्या पानावरून उठला. श्यामला त्याच्यामागे गेली. मंदाकिनी मान खाली घालून ताक वाढत राहिली. मामंजींच्या बाजूने बोलावं तर भाऊजींचा चेहरा तिला दिसत होता. एवढा थकलेला माणूस तिने त्या घरात पाहिला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहाच्या वेळेला गोपाळकृष्ण मंडळाच्या अध्यक्षांना घेऊन आला. वारज्याचे आप्पासाहेब. ऊसवाले, मोठे बागाईतदार, शिक्षण चौथीपर्यंत. पण गडकोटांचं वेड असं की मंडळ त्यांच्याच जिवावर उभं होतं. हॉल त्यांनी मिळवला होता, उद्घाटनही त्यांच्याच हातून होतं.

ते जहाजासमोर फेटा काढून उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

“हात लावू का, मास्तर?”

“दोऱ्यांना नको. बाकी लावा.”

आप्पासाहेबांनी एक बोट जहाजाच्या कुशीवरून फिरवलं. मग शेजारची पाटी वाचली, ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर खुर्चीत बसले. आनंदीबाईंनी चहा आणून ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

“मास्तर, हे समदं खरं असंल.”

“आहे.”

“मी खोटं म्हनत न्हाई. मला ठावं हाय तुम्ही उगाच काय लिव्हणार न्हाई. पर एक सांगतो.” त्यांनी फेटा मांडीवर ठेवला. “माझ्या भनीचा ल्योक, सर्जेराव. मुंबईत गिरणीत हाय. गेल्या म्हैन्यात रस्त्यावर उतरला मोर्चात. गोळी लागली. पाय कापला त्याचा. सोजर, माझी भन, तिकडंच व्हती दवाखान्यात. परवा आलीया.”

“मला माहीत नव्हतं,” यज्ञेश्वर म्हणाले.

“कुनाला सांगितलं न्हाई. आता ती मला इचारती, दादा, गोळी कुनी घातली? म्या सांगितलं, गर्दीत कुठनं आली कळलं न्हाई. गोळी घालनारा बी मराठीच बोलत असंल, मास्तर. वर्दी घातलेला आपल्याच मुलखातला कोन तरी. हे मी तिला कसं सांगू? ती उद्या हॉलमधी येनार हाय. भावाच्या हातनं उद्घाटन हाय म्हनून. तिला वाचाया येत न्हाई, पर कोन तरी वाचून दावंलच. आपल्यांनीच आपल्यांला जाळलं. ह्ये तिनं आत्ता ऐकावं असं मला वाटत न्हाई.”

 गोपाळकृष्णाला हे ठाऊक नव्हतं. त्याने अध्यक्षांना आणलं होतं ते वजन टाकायला. हे वजन असं असेल याची त्याला कल्पना नव्हती.

यज्ञेश्वरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. सगळ्या घराला माहीत होतं की याच्यापुढे त्यांचं एखादं वाक्य येतं आणि समोरचा माणूस उठून जातो. आनंदीबाई दारात तयारीने उभ्या होत्या.

“चहा निवला,” यज्ञेश्वर म्हणाले. “दुसरा आण गं.” मग गोपाळकृष्णाकडे वळून, “गॅलरीतली पाटी वाळली का?”

“वाळली असेल.”

“ती ने. जहाजही ने. कापसात नीट बांध, मधली डोलकाठी नाजूक आहे.”

आप्पासाहेबांनी हात जोडले. यज्ञेश्वरांनी ते जोडलेले हात आपल्या हातात धरून खाली केले. असं त्यांनी कधी कुणाचं केलेलं मुलांनी पाहिलं नव्हतं.

*

दुपारी गोपाळकृष्ण आणि मंदाकिनी जहाज बांधत होते. नाना आतल्या खोलीत पडले होते, झोपले नव्हते. कापूस डोलकाठ्यांभोवती भरताना मंदाकिनीची बोटं सारखी थांबत होती.

“मंदा, तुला राग आलाय माझा,” गोपाळकृष्ण म्हणाला. “बोलून टाक. कालपासून सगळे बोलतायत, तूच राहिलीस.”

“राग नाही आला, भाऊजी.”

“मग?”

तिने कापूस खाली ठेवला. “आमचं गाव गिर्ये. विजयदुर्गापासून हाकेवर. माझी आजी या जहाजाची गोष्ट सांगायची. तिला नाव म्हणता यायचं नाही, रास्टोशन म्हणायची. धरून आणलं तेव्हा गाव त्याला इंग्रजांचं म्हणायचं, बायका पोरांना जवळ जाऊ द्यायच्या नाहीत. पुढे गावातलेच सुतार त्याच्या फळ्या बदलायला जायला लागले, गावातलीच पोरं त्यावर नोकरीला लागली. सहा-सात वर्षंच होतं ते आमच्याकडे. पण जळालं तेव्हा इंग्रजांचं जळलं असं कुणी म्हणालं नाही. आपलं जळलं म्हणाले.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“आजीनं बजावलं होतं. माझं लग्न पुण्याला ठरलं तेव्हा म्हणाली, सासरी ही गोष्ट काढू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मी इथे आले. नवी होते, सगळ्यांना घाबरायची. पहिल्याच आठवड्यात मामंजींनी मला बोलावलं. म्हणाले, तू गिर्याची ना, बस. आणि त्यांनीच सगळी गोष्ट सांगितली. पुण्याची फौज कुठे होती, खांबेटे कुठे होते, काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, हे तुला या घरात आल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळलेलं बरं.” तिचा आवाज थोडा खाली आला. “त्या दिवसापासून मला या घराची भीती गेली. आप्पासाहेबांचं दुःख मला समजतं. मामंजींनी स्वतःची पाटी मागे घेतली तेही मला समजलं. पण ती ओळ नसलेली पाटी दीड दिवस घरात आहे आणि मला परत नव्यासारखं वाटतंय. एवढंच.”

 गोपाळकृष्ण सुतळी घेऊन खोक्याला गाठी मारत राहिला. मग एकदम म्हणाला, “मला त्यांनी ही गोष्ट कधीच नीट सांगितली नाही. मी विचारलीच नाही म्हणा.”

संध्याकाळी टांग्यात खोकं ठेवताना श्यामलेने पाहिलं की नवऱ्याच्या काखेत दोन्ही पाट्या आहेत.

“दोन कशाला?”

“बघू,” तो म्हणाला. “अजून माझं काही ठरत नाही.”

“मी येऊ का बरोबर?”

“ये.”

ती पदर खोचून टांग्यात बसली.  हॉलमध्ये जहाज काढून टेबलावर ठेवलं, कापूस वेचला, दोऱ्या सारख्या केल्या. गोपाळकृष्णाने आधी अर्ध्या मजकुराची पाटी लावून पाहिली. मग लांब जाऊन उभा राहिला.

“काय दिसतं?” त्याने विचारलं.

“पाटी दिसते,” श्यामला म्हणाली. “खाली बरीच जागा दिसते.”

त्याने ती काढली आणि नानांची लावली.

“आप्पासाहेबांना काय सांगाल?”

“खरं सांगेन. उद्या सकाळीच, दार उघडायच्या आत. आणि गर्दी आली तर जहाजापाशी मी उभा राहीन. नानांना नाही राहू देणार.”

*

त्याने सांगितलं. आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं, पाटीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “तुमच्या वडलांनी शब्द दिला व्हता.”

“त्यांनी पाळला. मी मोडतोय. त्यांना अजून माहीतही नाही.”

आप्पासाहेबांनी नारळ फोडला, कारण माणसं जमली होती. भाषण केलं नाही. सोजरबाईंना त्यांनी वारज्याहून आणलंच नव्हतं. फीत कापून ते सरळ मोटारीत बसून निघून गेले. मंडळाच्या दोघा-तिघांनी गोपाळकृष्णाला बाजूला घेतलं. अध्यक्षांचा असा अपमान करणारा सचिव आम्हाला नको, असं त्यातला एक सौम्य शब्दांत म्हणाला. गोपाळकृष्णाने जागच्या जागी राजीनामा दिला. बारा वर्षं त्याने ते मंडळ चालवलं होतं. मग तो जाऊन जहाजापाशी उभा राहिला.

यज्ञेश्वर दहाच्या सुमारास आनंदीबाईंबरोबर आले. जहाजापाशी गेले, पाटी वाचली. मुलाकडे पाहिलं.

“ही कुणी लावली?”

“मी.”

“मी दुसरी न्यायला सांगितली होती.”

“हो.”

“शाळेतही तू सांगितलेलं ऐकायचा नाहीस,” यज्ञेश्वर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून हातात धरून उभे राहिले. आनंदीबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या पदराला पुसला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

गर्दी झाली. ओरडाही झाला, दुसऱ्या दिवशी. कॉलेजातली पोरं होती, एकजण म्हणाला ही पाटी काढा. गोपाळकृष्ण जहाजापुढे हात पसरून उभा राहिला. दीनानाथ, जो आपण फक्त अक्षरं काढतो म्हणाला होता, तोही येऊन शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “पाटी मी रंगवलीय. भांडायचं तर माझ्याशी.” त्याचा आवाज इतका बारीक निघाला की पोरंच थोडी ओशाळली. शेवटी त्यांच्यातलाच एक खुर्ची ओढून बसला आणि नानांशी वाद घालू लागला. तो वाद जेवायची वेळ टळून गेली तरी चालला होता.

*

शेवटच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, हॉल रिकामा होत आला होता. मंदाकिनी भिंतीवरचे नकाशे काढत होती. दारात आप्पासाहेब दिसले. त्यांच्याबरोबर एक काळीसावळी, उंच बाई होती, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर घट्ट.

“सोजर,” आप्पासाहेब यज्ञेश्वरांना म्हणाले. “ऐकंना. भावानं उद्घाटन केलं ती नाव बघायची म्हनती.” ते स्वतः दाराशीच थांबले.

सोजरबाई जहाजासमोर आल्या. वाकून बघितलं. “लई मन लावून केलंया,” त्या म्हणाल्या. मग पाटीकडे बोट केलं. “ह्ये काय लिव्हलंय, मास्तर?”

यज्ञेश्वरांनी दाराकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी मान खाली घातली होती. हो नाही, नको नाही. गोपाळकृष्णाला वाटलं, आता नाना पहिली ओळ वाचतील आणि थांबतील. त्यांनी थांबावं असंही त्याला क्षणभर वाटलं.

यज्ञेश्वरांनी बाईंना स्टूल दिलं आणि स्वतः जमिनीवर, जहाजाच्या टेबलाला टेकून बसले. गुडघे दुखत असताना. आणि त्यांनी सगळं सांगितलं. इंग्रजांचं जहाज, तुळाजीने ते कसं धरलं, मग ते त्याचं कसं झालं. शेवटी खाडीत जहाजं शेजारी शेजारी उभी होती, गोळा पडला, एकाची आग दुसऱ्याला लागली. “समुद्रावरून इंग्रज होते, बाई, आणि जमिनीवर आम्ही होतो. पुण्याची फौज. माझ्या घरातलाही एकजण होता.”

 ऐकून झाल्यावर सोजरबाई म्हणाल्या, “आन आतली मानसं?”

“इंग्रजांनी जहाजं मोजली, तोफा मोजल्या. माणसांची नावं कुणी लिहिली नाहीत. मी खूप शोधलं. काहींनी पाण्यात उड्या टाकल्या असतील.”

“त्यांच्या घरी सांगाया कोन गेलं असंल?”

 मंदाकिनी नकाशाची गुंडाळी हातात घेऊन जवळ आली.

“कुणाला जावं लागलं नाही,” ती म्हणाली. “माझं गाव तिथलंच आहे. घरातून खाडी दिसते. सगळ्यांना आपापल्या अंगणातून दिसत होतं.”

सोजरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

“मला तार आली,” त्या म्हणाल्या. “पोराला लागलंय, निगून ये. गेले तर पाय न्हाई. पोरगा मला म्हनला, आये, समोर शिपाई उभा व्हता. माझ्याएवढाच. त्येनं डोळं मिटलं आन गोळी घातली.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “दादाला वाटतंय मला ठावं न्हाई. त्यो सांगत न्हाई, मी इचारत न्हाई. दोगं बी एकाच घरात जेवतो.”

दाराशी उभे असलेले आप्पासाहेब हळूहळू आत आले. बहिणीच्या पायाशी, यज्ञेश्वरांच्या शेजारी जमिनीवर बसले.  सोजरबाईंनी त्यांच्या फेट्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

हॉलचा शिपाई येऊन खिडक्या लावू लागला. यज्ञेश्वरांनी मान वर केली.

“गोपाळ, हॉल बंद करायची घाई आहे का?”

“नाही नाना. सचिव मी राहिलो नाही, पण किल्ली अजून माझ्याकडेच आहे.”

“मग पाणी आण यांच्यासाठी.”

गोपाळकृष्ण तांब्या-भांडं घेऊन आला. सोजरबाईंनी भांडं घेतलं, पण आपण प्यायल्या नाहीत. आधी ते भावाच्या हातात दिलं, आणि तो पिईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.